झोपलेल्याला हात लावू नये

सिस्टरांनी फ्रिजचं दार उघडलं. कासवाची मान बाहेर आली होती. पाच आठवडे ती कवचात नीट ओढून घेतलेली होती. आज खोक्यातल्या मातीवर कशीतरी पडली होती, काढून टाकलेल्या हातमोज्याच्या बोटासारखी.

"अगं बाई," सिस्टर म्हणाल्या आणि पुढे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

फ्रिज कासवाचाच होता. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य मुलीकडे कायमचे राहायला गेले, तिथे जागा नाही म्हणून कासव खाली सिस्टरांकडे आलं, आणि येताना आंदणात स्वतःचा फ्रिज घेऊन आलं. थंडीभर ते झोपतं. घराच्या उबेत त्याची झोप मोडते, म्हणून ही सोय. जाताना डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती, आणि डॉक्टरांचं अक्षर लावण्यात सिस्टरांची हयात गेलेली. रोज एकदा दार उघडून हवा बदलायची. रविवारी खोक्यासकट वजन करायचं. झोपेत हात लावायचा नाही. या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

जेवायला घरी आलेली सून परत पोस्टात जायला निघाली होती. ती दारातूनच हसली.

"आई, आज तिसऱ्यांदा! तुम्ही वॉर्डात झोपेची गोळी द्यायलाही पेशंटला हलवून उठवत असाल."

"उठवायचेच. वेळेची गोळी वेळेला नको?"

सून गेली. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला.

"मान बाहेर येते कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "वजन?"

"तेवढंच आहे. पण डॉक्टर, गेलेल्यालाही वजन असतंच की."

मग डॉक्टर म्हणाले, "पायाला बोट लावून बघा. पाय ओढून घेतला तर आहे. पण सिस्टर, त्यात ते जागं झालं तर पंचाईत. अजून दोन महिने थंडी. खाणार नाही, नुसतं झुरत जाईल. तुमच्या हवाली केलंय, आता तुम्हीच ठरवा."

"श्वास तर घेत असेल?"

"घेतं की. श्वासासरशी पुढचे पाय जरासे हलतात. पण वाट बघत बसावं लागतं. मला इतक्या वर्षांत एकदाही दिसला नाही."

फ्रिज उघडा टाकून बसणं बरं नाही. बाहेर गारठा तेवढाच होता. सिस्टरांनी खोकं अलगद उचलून मागच्या गॅलरीत नेलं, नवऱ्याचा जुना कोट अंगावर चढवला आणि खोकं मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. छातीशी अडकवलेलं घड्याळ उलटं करून पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

एक बोट लावायचं फक्त. चाळीस वर्षं हेच तर केलं. पण हात कोटाच्या खिशातून निघेना.

गेल्या थंडीत अशाच दुपारी नवरा छातीवर पेपर ठेवून झोपला होता. दमलाय बिचारा, पडू दे थोडा, म्हणून त्या घरभर पाय न वाजवता हिंडल्या होत्या. भांड्याला भांडं लागू दिलं नव्हतं. चहाला उठवायला गेल्या तेव्हा कप हातात होता. उभ्या आयुष्यात एकच माणूस त्यांनी न उठवता झोपू दिला, आणि तोच गेला. तेव्हापासून सिस्टर दुपारच्या आडव्या झाल्या नव्हत्या, आणि झोपलेलं कुणी त्यांना बघवत नव्हतं.

धुकं खालून वर येत होतं. रस्ता दिसेनासा झाला, मग समोरची झाडं, मग गॅलरीचे गज. कुठेतरी एक सायकल घंटी वाजवत गेली आणि आवाज बराच वेळ तिथेच रेंगाळला. सिस्टरांच्या तोंडातून वाफ निघत होती, खोक्यातून नाही. पुढच्या पायांजवळच्या सुरकुत्यांवर त्यांनी नजर लावून ठेवली. मिनिटकाटा फिरत राहिला. किती फिरला ते पुढे पुढे त्यांनी बघणं सोडून दिलं. खुर्ची, खोकं आणि त्या, एवढंच जगात उरलं होतं, आणि घाई कुणालाच नव्हती.

मग ते दोन्ही पाय केसभर बाहेर सरले. थांबले. तितक्याच सावकाश आत गेले.

"एक," सिस्टर म्हणाल्या.

त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी खोकं हलू न देता केलं. आता दुसरा. दुसरा दिसला की फ्रिजमध्ये ठेवून देऊ, असं त्यांनी ठरवलं. धुकं खोक्याच्या काठाशी येऊन टेकलं. वॉर्डातल्या चाळीस खाटा ओळीने लागल्या होत्या, सगळे घोरत होते, आणि कुणालाही काहीही द्यायची वेळ झालेली नव्हती. शेवटच्या खाटेवर पेपर वरखाली होत होता. सिस्टर पाय न वाजवता तिच्यापर्यंत गेल्या आणि तिथेच काठावर बसल्या.

कुलपात किल्ली फिरली. "आई?" पावलं स्वयंपाकघरात गेली, रिकाम्या फ्रिजचं दार उघडलं, मग पावलं गॅलरीकडे धावत आली. "आई!"

हनुवटी छातीवर, हात खिशात, मांडीवर खोकं. सून जवळ आली. तिने खांद्याकडे नेलेला हात थांबवला आणि त्याचीच मागची बाजू सासूच्या नाकाशी धरली.

"अगं, चाललाय श्वास," सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या. "दोघांचाही."