चौकाला वळसा

"बाबा, सरळ या ना! मधून!"

बाबा काही मधून येईनात. एवढा मोठा मोकळा चौक, फरशी अशी की चपला काढून चालावं, समोर नदी, आणि हे आपले भिंतीला चिकटून कडेकडेनं, चोरासारखे! मुलीच्या डोक्याचा पार भुगा झाला. सकाळपासून हेच चाललेलं. जुन्या गोदामात आता चकचकीत कॉफीचं दुकान आहे, तर हे दारात उभं राहून ओरडले, "आत कोण आहे रे?" सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

हा चौक तिनं आखला होता. तिनं! साहेबांची बोलणी खाऊन, एकेक फरशी निवडून. आणि जिथं जन्मभर जहाजातल्या गासड्या उतरवल्या तो धक्काच या चौकापायी गेला म्हणून बाबा इकडे फिरकायलाच तयार नव्हते. आज आईनं कसंबसं पिटाळलं होतं. मुलीचं मागणं काय, तर बाबांनी एकदा मधोमध उभं राहावं आणि "बरं झालंय" म्हणावं. छान नको. बरंसुद्धा चाललं असतं.

"मधून जायचं नसतं गं."

"का पण?"

"वर क्रेन असते."

"होती, बाबा! होती! तुमच्या डोळ्यांदेखत भंगारात नेली ना ती?"

"नेली की. मी कुठं नाही म्हणतोय?" आणि परत आपले कडेकडेनं.

आता मात्र हद्द झाली. ती तरातरा निघाली, बरोब्बर मधोमध जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घ्या! काय झालं मला? झालं काही?"

"माऽऽल वर!"

काय तो आवाज! सत्तरीच्या माणसाचा! आख्खा चौक दणाणला. काही कळायच्या आत ती टुणकन बाजूला उडाली होती. मग स्वतःचाच असला राग आला तिला, की बापाला आता काय काय ऐकवायचं ते मनात जुळवतच ती वळली.

बाबा हात वर करून उभे होते, चेहरा पांढराफटक. आणि चौकाच्या कडेला, बाकांवर इतका वेळ पेंगत बसलेले सगळे म्हातारे ताडकन उठले होते. माना वर करून रिकाम्या आभाळाकडे बघत होते. एकानं तर जवळ खेळणाऱ्या नातीला गच्च मागे ओढून धरलं होतं.