टेबलाखालचे टाके

ताईची लहानगी लेक वारून वर्ष झालं, तरी ताई शिलाई मशीन सोडून हलेना. शेवटी एका दुपारी मी गाडी घेऊन तिला माझ्याकडे न्यायलाच गेले.

"चल, ऊठ. माझ्या घरी काय काटे पेरलेत?" तिच्या शेजारच्या स्टुलावर टेकत मी म्हटलं.

"उठता येत नाही गं," ती म्हणाली. दूध संपलंय म्हणावं, इतक्या सहज.

मी वाकून पाहिलं. तिच्या गाऊनचा घेर खुर्चीच्या गादीला शिवलेला होता. टाके लांब, वाकडेतिकडे, लहान हाताचे. लेकीचा हा जुना खेळ. टेबलाखाली बसून आईला खुर्चीला शिवून टाकायचं, म्हणजे आई कुठं जात नाही.

ताई आता स्वतःच स्वतःला शिवून घेते, असं मी मनाशी ठरवलं. मशीनवरची कात्री घेतली आणि टाके कापले.

ताईनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि हात टेबलाखाली नेला. "हळू घे राणी, टोचेल."

हात वर आला तो रिकामा.

"ताई, पुरे झाली गंमत!"

"गंमत कसली? तू मला नेतेस म्हणून रुसलीय ती." मग खाली वाकून ती लाडानं म्हणाली, "आधी मावशीला शिव."

मला काहीच टोचलं नाही. नुसता माझा ड्रेस गुडघ्यापाशी हळूहळू ओढला जाऊ लागला.