शेवटचा तुकडा

चर्चमागच्या हॉलमध्ये जिगसॉची स्पर्धा ऐन रंगात आली होती. पाचशे तुकडे जुळवून पुरं करायचं चित्र, चौघांचा एक संघ. गेली तीन वर्षं कप शेजारच्या गावाने पळवला होता. म्हणून ग्लेनिस, तिचा नवरा नॉर्मन, नणंद म्युरिएल आणि नणंदेचा नवरा क्लिफर्ड, चौघांनी अख्खा हिवाळा टॅबलेटवर जिगसॉचा सराव करत बोटं झिजवली होती.

पण ग्लेनिसला कपाइतकाच शेवटचा तुकडा हवा होता. दरवेळी तो म्युरिएलच बसवायची आणि मग वर्षभर चहाला तेच पुराण. टॅबलेटवर तुकडा लपवता येत नाही, इथं येतो. पहिल्याच मिनिटाला ग्लेनिसने चित्रातल्या आगगाडीच्या इंजिनाच्या धुराचा एक तुकडा हळूच स्वेटरच्या खिशात सरकवला.

शेजारच्या टेबलावर त्या गावाच्या संघाचे अजून चाळीस तुकडे बाकी होते. ग्लेनिसच्या टेबलावरचे संपले. तिने ऐटीत खिशात हात घातला, चित्राकडे पाहिलं आणि दचकलीच.

भोकं चार होती!

"म्युरिएल, ऊठ जरा, तुझ्याखाली बघ!"

"माझ्याखाली कशाला? तुझ्या नवऱ्याच्या तोंडात बघ. गेल्या वर्षी बिस्किट समजून चावला होता एक."

"चावला होता, गिळला नव्हता!" नॉर्मन भडकला.

"भांडत काय बसलात? खाली शोधा!" क्लिफर्ड ओरडला.

शेजारच्या टेबलावर टाळ्या पडल्या, तेव्हा हे चौघं टेबलाखाली रांगत होते.



तेही एकेका हातावर, कारण दुसरा हात खिशातून काढायला कुणीच तयार नव्हतं.