आखाजीला बारा दिवस

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले. सोजराबाईनं ओठ घट्ट मिटले आणि वर पदर दाबून धरला.

मलकापूरच्या एसटी स्टँडसमोरची ती खोली. दातांचे डॉक्टर दर शनिवारी अकोल्याहून तिथं येत. एक लोखंडी खुर्ची, मान टेकवायला कातडी उशी, स्टोव्हवर उकळत्या पाण्यात चिमटे. तिचे यजमान उकंडराव दाराशी उभे होते. वडनेरहून पहिल्या गाडीनं ते तिला घेऊन आले होते, आणि आत आल्यापासून त्यांनी स्टोव्हकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"अवं, उघड ना. दाढ तुही, अन् कापरं मले सुटून राह्यलं."

ती हसली नाही. थोड्या वेळानं तिनं पदर काढला. तोंड दोन बोटं जातील एवढंच उघडत होतं. डॉक्टरांनी लहान आरसा तिरका करून आत घातला. वरच्या डाव्या दाढेची नुसती कडा उरली होती आणि भोवतालची हिरडी फुगली होती. सूज गालावरून डोळ्याखाली चढली होती. पापणी निम्मी मिटली होती.

"कधीपासून दुखते?"

"दसऱ्यापासून," उकंडराव म्हणाले. "लवंग धरते, मशेरी लावते. आठ दिस झाले, भाकर चावता येत नाही. दुधात कुस्करून देतो."

"आजच काढावी लागेल."

"काढा. पन आखाजी झाल्यावर," सोजराबाई म्हणाली.

"अक्षय्यतृतीयेला किती दिवस आहेत?"

"बारा." हे तिला मोजावं लागलं नाही.

"बारा दिवसांत तोंड मुळीच उघडेनासं होईल. ताप चढेल तो वेगळाच. थांबायचं कशासाठी?"

उत्तर उकंडरावांनी दिलं, तेही जमिनीकडे पाहत. "तिले कोनी तरी सांगतलं, का वरची दाढ काढली तं त्या बाजूचा डोया जाते."

"सांगतलं कोनी नाही. मी पाह्यलं. आमच्या गल्लीतली झुंबरबाई. संक्रांतीले दाढ काढली अन् होळीले डोया पांढरा."

"तो मोतीबिंदू असेल, बाई. दाढ काढल्यानं नजर जात नाही. डोळ्याला धोका असलाच, तर तो ही दाढ ठेवण्यात आहे."

सोजराबाईनं ते सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुम्ही शिकेल मानूस, भाऊ. तुमचं खरं असन. पन माही लेक येऊन राह्यली, कोकिळा. बीबी गावाले देली. चार वर्सं झाले, सासरच्यायनं धाडली नाही. आता आखाजीले धाडतो म्हनून कारड आलं." जबडा दुखला म्हणून ती क्षणभर थांबली. "दोन वर्साची पोर हाय तिले. मी अजून पाह्यली नाही. दोघीले डोये भरून पाह्यतो, मंग काढा. पाह्यजे तं सगळेच दात काढा."

"अन् बोलशीन कशानं तिच्यासंग?" उकंडराव एकदम म्हणाले. "तोंडच उघडलं नाही तं? पोरगी माय माय करन अन् तू हातवारे करशीन? आखाजीच्या झोक्यावर गाने कोन म्हनन, मी म्हनू काय? माहा आवाज आयकला तं नात पयली बीबीची यष्टी धरन."

सोजराबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि गालावरचा हात हळूहळू मांडीवर आणला. बाहेर कंडक्टर नांदुरा, खामगाव म्हणून ओरडत होता.

"एकच डोया जाते ना पन?" तिनं विचारलं. "याच बाजूचा?"

"एकही जात नाही," डॉक्टर म्हणाले.

तिनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि खिडकीतून स्टँडकडे पाहिलं. नुकत्याच आलेल्या गाडीतून माणसं उतरत होती. कडेवर मूल घेतलेली एक बाई खाली उतरली, गाठोडं डोक्यावर घेऊन निंबाच्या सावलीपर्यंत चालत गेली. सोजराबाईची नजर तिच्याबरोबर सावलीपर्यंत गेली.

"दिसते," ती म्हणाली. "लेकराच्या टोपड्याची झालर बी दिसते. भागते एकानं."

"म्या काय म्हनलं?" उकंडराव पुटपुटले. त्यांनी असं काही म्हटलेलं नव्हतं.

"मंग काढा, भाऊ."

डॉक्टरांनी बाटलीतलं औषध सुईत ओढलं. उकंडराव पुढं येऊन खुर्चीचा दांडा धरून उभे राहिले. तिनं मान उशीवर टेकली, तोंड उघडता येईल तेवढं उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"जरासक थांबा."

तिनं हात उजव्या डोळ्यावर नेला. सुजेनं बारीक झालेल्या डाव्या डोळ्यानं तिनं खिडकी पाहिली, खिडकीबाहेरचं पांढरं ऊन पाहिलं, मग उकंडरावांकडे वळून त्यांच्या कपाळावरचा घाम आणि कानाजवळचे पिकलेले केस पाहिले.

"आता काय पाहून राह्यली?" उकंडराव म्हणाले.

ती पाहतच राहिली.

डोळा जात नाही, हे डॉक्टर पुन्हा सांगणार होते. पण त्यांनी सुईचं टोक वर धरलं, आणि तिचं पाहून होईपर्यंत थांबले.