तोफेवरचा नांगर

होडीत उरलं होतं ते एवढंच : तीन माणसं, एक रिकामी कळशी, दोन शहाळी, भिजून गप्प झालेला ट्रान्झिस्टर, खोली मोजायची, टोकाला शिसं बांधलेली दोरी आणि पाण्यात सोडलेला नांगर. वल्ही वाहून गेली होती. डोलकाठी मोडली होती, आणि मोडताना ती गुरुदास तांडेलाच्या पायावर पडली होती.

जयरामने पायाकडे पाहिलं. गुडघ्याखाली तो काळानिळा पडला होता. आज सकाळपासून गुरुदास दुखतं म्हणायचंही थांबला होता.

यंदाच बीएस्सी झालेला जयराम गुरुदास आणि त्याचा भाऊ भिकाजी यांच्याबरोबर आला होता तो तोफ बघायला. जुन्या आरमाराची एक गुराब, तोफांची लढाऊ नौका, मालवणच्या समुद्रातल्या खडकांबाहेर बुडाली, असं सगळेच सांगत. धाकट्या भिकाजीने बुडी मारून त्याची तोफ खरोखरच शोधली होती. तिथे पाणी सात वाव, म्हणजे चाळीसेक फूट, किनारा पाऊण मैल. परवा संध्याकाळी त्यांनी बरोबर तोफेच्या डोक्यावर नांगर टाकला. उजाडलं की बुडी मारायची होती. पण अंधार पडताच घाटाकडून ऑक्टोबरचं वादळ सुटलं. रात्रभर होडी आपटत राहिली. पहाटे वारा मेला आणि धुकं उतरलं. ते अजून हललं नव्हतं.

"नांगर तोफेक अडकलो आसा," गुरुदास म्हणाला. "म्हणान वाचलो. नायतर खंय गेलो असतो देवाक ठावक."

दोर सरळ खाली गेला होता. जयरामने काल विचारलं होतं, "काका, जरा उचलून बघूया?"

"नको रे बाबा! धरल्यान हा तां सोडवू नको."

मग कोणी दोराला हात लावला नाही.

काल सकाळी गुरुदासने दर्याला नारळ सोडला होता. त्यांच्या घरची रीत होती : नारळ लांब गेला तर दर्याने तो नाकारला. हा नारळ अजून हाताच्या अंतरावर डुलत होता. त्याच्याकडे बघून गुरुदासला धीर यायचा. जयरामलाही यायचा.

"पण काका, लाटांची गाज कशी ऐकू येत नाही?"

"धुक्यान खाल्ली."

भिकाजी उठला. पूर्वेकडे धुक्यात फिकट उजेड दिसत होता.

"उजेड थंय किनारो. मी पवत जातंय, दादा."

काल गुरुदासने भावाला दोनदा अडवलं होतं. काल दिशा कळत नव्हती. आज त्याने स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग जयरामच्या फुटलेल्या ओठांकडे.

"पाऊण मैल," तो म्हणाला. "पोरपणी ह्याच्या दुप्पट पवलंस. जा."

भिकाजीने कळशी उपडी करून छातीला बांधली.

"बीएस्सी, माझ्या वाटेचां शहाळां ठेव हां. तुझो भरवसो नाय."

"आधी मोठी होडी घेऊन ये, मग दोन्ही तुझी."

"आणि आवशीक सांग," गुरुदास म्हणाला, "पाय तेवढो मोडलो. रडा नको म्हण."

"ती रडाची नाय. आधी तुका शिव्या घालतली."

तो पाण्यात उतरला. चार हात मारले आणि धुक्याने त्याला मिटून घेतलं. थोडा वेळ पाण्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

गुरुदासने डोळे मिटले. "भरती आसा काय सुकती, बघ रे. भरती आसली तर भिकाजी पोचलोच समज."

जयरामला हे काम बरं वाटलं. सात वावांच्या वर पाणी असेल तर भरती, कमी असेल तर ओहोटी. भरतीचं पाणी भिकाजीला किनाऱ्याकडे ढकलेल. त्याने शिसं पाण्यात सोडलं. दोरीला दर वावाला गाठ होती. तो गाठी बोटांखालून जाऊ देऊ लागला. सातवी गेली. आठवीही गेली.

"भरती!" तो म्हणाला.

"देव पावलो," गुरुदास पुटपुटला.

शिसं थांबेना. जयरामने दोरी आणखी सोडली. मग आणखी.

"किती भरलां रे?"

जयरामच्या हातात दोरीचं शेवटचं टोक होतं. वीस वाव दोरी संपली होती. शिसं तळाला टेकलं नव्हतं. खाली तोफ नव्हती; नांगर नुसता लोंबत होता, आणि किनारा पाऊण मैलावर उरला नव्हता.