पेटिफरांचं बाक

"उठा हो, तिथं बसू नका," हेझल म्हणाली. "त्या बाकाची मुदत आज संपतेय."

"मग आज बसून घेतलेलंच बरं," टोपीवाला म्हातारा म्हणाला आणि त्यानं चिप्सची पुडी मांडीवर उघडली. व्हिनेगरचा वास सुटला.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरात, साउथसीच्या किनाऱ्यावर अशी बाकं ढिगानं आहेत. माणूस वारला की त्याची माणसं त्याच्या नावाची पितळी पाटी लावतात. दहा वर्षं झाली की घरच्या कुणीतरी येऊन सही करायची, नाहीतर पाटी निघते. या पाटीवर लिहिलं होतं: 'ऑस्वल्ड पेटिफर. रोज इथं यायचा, रोज कुरकुरायचा.' तिच्याखाली नोटीस चिकटवली होती. आज दुपारी एकपर्यंत.

हेझल समोरच्या माहिती केंद्रात हौसेनं काम करायची. पोर्ट्समथ बघायला आलेल्यांना नेल्सनचं जहाज, बंदरावरचा मनोरा, किल्ला असं सगळं सांगून झालं की ती हळूच म्हणायची, "आणि वेळ उरलाच तर पेटिफरांचं बाक बघा." घटस्फोट झाल्यापासून सहा वर्षं ती दुपारचं सँडविच इथंच खात होती आणि मनातल्या मनात त्या पाटीशी बोलत होती. वेडेपणा होता, तिलाही कळत होतं. पण उद्या ते नाव तिथं नसेल या विचारानं तिला सकाळपासून रडू येत होतं.

"तुम्ही त्यांच्या घरचे का?" तिनं विचारलं.

"तसंच म्हणा."

"चांगलं ओळखत होतात?"

"अगदी पाळण्यापासून."

भाऊ असणार, हेझलनं ठरवून टाकलं. आणि तिचा रागच उसळला. "मग इतकी वर्षं एकदाही फिरकला नाहीत?"

"मुलीकडे होतो, न्यूझीलंडला. परवा आलो. आता कायमचा." त्यानं तिच्यापुढे पुडी धरली. तिनं नको नको म्हणत एक चिप घेतली.

"कसे होते हो ते? मी आपली उंच, देखणे असंच धरून चाललेय."

तो खोकला. "बुटका होता. तोंडाळ वर. बंदरातल्या बोटीवर पाहुण्यांना गाव दाखवायचा. पंचवीस वर्षं तेच जहाज, तोच किल्ला. तो गेला तेव्हा बोटीवरच्या लोकांनीच ही पाटी लावली."

"निरोपाला गर्दी होती?"

"पुष्कळ. केकसुद्धा होता. भाषणं अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं हा कुणी संतच."

"असतीलही! तुम्हाला काय माहीत?" हेझल फणकारली. मग तिचा आवाज उतरला. "हसू नका. पण ते असते ना, तर मी आपणहून त्यांना चहाला बोलावलं असतं. इतकं मी माझ्या नवऱ्याशीही कधी बोलले नाही."

तो हसला नाही. एका सीगलनं पुडीतल्या उरलेल्या चिप्स पळवल्या, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"पाऊण."

"मग चला की, बाई. बसलात काय?"

किनाऱ्याचं कार्यालय चार पावलांवर होतं. हेझल जवळजवळ धावतच आत शिरली. खिडकीतल्या चष्मेवाल्या बाई आवराआवर करत होत्या. त्यांनी उसासा टाकून पुन्हा खुर्ची ओढली.

"कुणाचं बाक?"

"ऑस्वल्ड पेटिफर," हेझल धापा टाकत म्हणाली. "आणि त्यांच्या घरचे आलेत सहीला. आता पाटी काढायची नाही हं!"

"बरं बरं." बाईंनी अर्ज पुढे घेतला आणि म्हाताऱ्याकडे बघितलं. "सही करणाऱ्याचं नाव?"

"ऑस्वल्ड पेटिफर."

"अहो, ते पाटीवरचं झालं. तुमचं सांगा."

त्यानं टोपी काढली आणि हेझलकडे वळून तो जरासा लाजला.

"माझंच सांगतोय."