फर्स्ट क्लासचे दोन पॉइंट तीन

‘तुमचे गुण कमी का आहेत?’ प्रवेशअर्जातला प्रश्न तसा साधाच. पण गार्गी तीन दिवस त्याच्यापुढे नुसती बसून होती. आता पाचला मेडिकल कॉलेजचं पोर्टल बंद व्हायला जेमतेम चाळीस मिनिटं उरली होती.

सेम्बावांग बंदराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गजबजाटात, समोर उल्हाससर कॉफी बशीत ओतून गार करत होते. जहाजावर ते चीफ इंजिनिअर, गार्गी त्यांच्या हाताखाली सेकंड इंजिनिअर. शिफारस त्यांचीच लागणार होती.

“अगं, पण तुला फर्स्ट क्लास होता ना?”

“होता की! इंजिनिअरिंगला एकसष्ट टक्के. बाबांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. मीही फॉर्ममध्ये ऐटीत फर्स्ट क्लास लिहिलं. त्याचे या कॉलेजवाल्यांनी त्यांच्या हिशेबात केले दोन पॉइंट तीन. चारपैकी!”

“मग पेढे परत मागवायचे का?”

गार्गीला हसावं की रडावं कळेना. नवरा म्हणत होता, घरात कोणी आजारी होतं असं दे ठोकून. पण आजारी कोणीच नव्हतं. अभ्यास झाला नव्हता, बस्स. का झाला नव्हता, ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं. आणि चौतिसाव्या वर्षी हातची नोकरी सोडून डॉक्टर का व्हायचंय, ते तरी कुठे धड सांगता येत होतं? गेल्या वर्षी भर समुद्रात सरांच्या छातीत कळ आली. किनारा दीड दिवस लांब. सॅटेलाइट फोनवरचा डॉक्टर सांगेल तसं तिनं केलं. तेव्हापासून इंजिनरूममध्ये तिचं लक्ष लागत नव्हतं. एवढ्यावर कोणी कॉलेजात जातं का? पण जायचं तर होतंच. जीव तुटेल इतकं जायचं होतं.

सरांनी मोबाइलवर शिफारसीचा फॉर्म उघडला. “उमेदवार दडपणाखाली शांत राहतो का? हो की नाही?” त्यांनी चष्मा वर केला आणि ‘नाही’वर बोट ठेवलं.

“सर! अहो, काय करताय?”

“शांत होतीस तू? थर्मामीटर फोडलास.”

“म्हणून ते तिथे लिहायचं? आधीच माझी ही अवस्था!”

“खाली कारण विचारलंय. लिहू दे मला. मध्ये बोलू नकोस.”

ते एका बोटानं टाइप करत बसले. त्यांच्या हातातून फोन हिसकावून घ्यावा की त्यांचे पाय धरावेत, गार्गीला समजेना. डोळ्यांत पाणी आलं. रागारागानं तिनं स्वतःचा फॉर्म उघडला आणि त्या रकान्यात लिहून टाकलं, ‘अभ्यास केला नाही. कारण मलाही माहीत नाही.’ दुसऱ्यांदा वाचलंसुद्धा नाही. दिला पाठवून.

पाचला चार मिनिटं असताना सरांनीही बटण दाबलं.

“काय लिहिलंत?”

इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी तिला मराठीत सांगितलं. “फोनवरचा डॉक्टर अगदी शांत होता. त्याला मी दिसत नव्हतो. हिला दिसत होतो. हिचे हात लटलट कापत होते, आणि त्याच हातांनी हिनं तीस तास माझं मनगट धरून ठेवलं.”

गार्गीनं आपला फोन टेबलावर उपडा ठेवला.

“सर, हे माझ्या बाजूनं झालं की विरुद्ध?”

“ते मला काय विचारतेस?” सर बशी उचलत म्हणाले. “मी जिवंत आहे, एवढंच मला माहीत.”